न लिहिलेल्या अंकाची नक्कल

भुताखेतांच्या गोष्टी मी नेहमी भरपेट जेवणानंतर ऐकल्या आहेत, आणि त्यांचा दोष गोष्ट सांगणाऱ्यापेक्षा जेवणालाच दिला आहे. आजही देतो. या सदरात लोक उलटे पाय आणि पांढऱ्या साड्या पाठवतात. माझ्याकडे तसलं काही नाही. माझ्याकडे फक्त एका नाटकाचा अंक आहे... तो मी लिहिलेला नाही, आणि दुसऱ्या कुणी लिहिला असंही मला चाळीस वर्षांत सिद्ध करता आलेलं नाही.

सेहेचाळीस सालचा उन्हाळा. मी एकवीस वर्षांचा, नगरचा, बी.ए.ची परीक्षा नुकतीच देऊन बसलेला. वडिलांनी कलेक्टर कचेरीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. जूनपर्यंत मी एक नाटक लिहायचं, ते एखाद्या कंपनीनं घेतलं तर मी लेखक, नाहीतर कारकून – असं आमच्यात ठरलं होतं. मला कारकून व्हायचं नव्हतं. इतकं नव्हतं, की चार घास नीट बसून खाणंही मला जमत नव्हतं.

अशात एका मासिकात जाहिरात दिसली – ‘ग्रीष्मकालीन नाट्यसाधना वर्ग. रम्य ग्रामीण परिसर. तज्ज्ञ मार्गदर्शन.’ रम्य परिसर म्हणजे तिसगावपासून दोन कोसांवरचं एक गाव. थोड्या बाभळी, देवळामागे एक लिंब आणि पाणी आटलेली नदी. तज्ज्ञ म्हणजे अण्णासाहेब, शाळाखात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, वैशाखातही खांद्यावर शाल. आणि वर्ग म्हणजे मी. दुसरा विद्यार्थी आलाच नाही. तरी अण्णासाहेब रोज सकाळी हजेरी घेत आणि मी उभा राहून “हजर” म्हणत असे.

गावच्या यात्रेत दरवर्षी गावकरीच नाटक करत. त्या वर्षी माझं करायचं ठरलं, आणि ते पाहायला अण्णासाहेबांच्या ओळखीचे, पुण्याच्या एका नाटक कंपनीचे मॅनेजर येणार होते. म्हणजे माझा निकाल तिथेच लागणार होता.

नाटक लढाईवर गेलेल्या पोराच्या बापाचं. दोन अंक झाले होते. तिसऱ्यात तार येते, एवढंच मला माहीत होतं. पुढे काय, ते सुचेना.

“अहो लेखक, त्यात काय एवढं?” अण्णासाहेब म्हणाले. “पोरगा पदक घेऊन परत आणा आणि शेवटी ईशस्तवन घाला!”

याहून बरं मलाही काही सुचत नव्हतं, त्याचीच धास्ती होती. चार ओळी लिहायचो, फाडायचो, भर उन्हात नदीच्या वाळूतून फेऱ्या मारायचो, परत येऊन पुन्हा त्याच चार ओळी लिहायचो.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या काळी पूर्ण नाटकाची वही एकच असे. नटाला त्याच्या भाषणांची तेवढी ‘नक्कल’ काढून देत – त्याची वाक्यं, आणि प्रत्येकाआधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे आपली पाळी कधी ते कळावं. समोरचा एरवी काय बोलतो ते त्याला तालमीतच समजे. बापाचं काम करणाऱ्या बापूराव गवंड्याला वाचता येत नव्हतं. म्हणून रोज दुपारी लिंबाखाली बसून मी त्याची नक्कल त्याला वाचून दाखवायचो. दोनदा ऐकलं की त्याचं पक्कं. पण पदरचा एक शब्द घालणार नाही. अडला की खांबासारखा उभा.

तिसगावच्या बाजाराच्या दिवशी अण्णासाहेब आणि मी बैलगाडीनं कागद आणायला गेलो. सकाळी निघालो, दिवेलागणीला परतलो. जाता-येता अण्णासाहेब नवरसांवर बोलले. मी त्या दुपारी गावात नव्हतो याचा याहून त्रासदायक पुरावा मला देता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता देवळासमोर तालीम. दुसरा अंक संपला. मी “बास” म्हणालो. बापूराव थांबला नाही. समोरच्याचे शब्द आधी स्वतःशी पुटपुटायची त्याला सवय होती. “...तार हाय, पाटील,” असं तो पुटपुटला आणि मग मोठ्यानं म्हणाला,

“वाचू नगंस. आदी पानी पी. लांबनं आलायस.”

मला वाटलं, उन्हानं डोकं फिरलं. पण तो पुढे जातच राहिला. “...ताट कुनाला वाढू?” एवढं पुटपुटून म्हणाला,

“त्याचं ताट मांड. न मांडाया त्यो काय जेवून गेलाय?”

सावकाराचं काम करणारा न्हावी बाजूला विडी ओढत होता. ती त्याच्या बोटांत तशीच विझली.

“बापूराव, हे कुठलं?”

“तिसऱ्या अंकातलं.”

“तिसरा अंक अजून लिहिलाच नाही मी.”

“थट्टा करता व्हय, मास्तर? काल तुमीच तर वाचून दावला. दोन डाव!”

“काल मी तिसगावला होतो.”

“व्हय, गेल्ता. मंग दुपारी आलता. लिंबाखाली बसला हुता. मी म्हनलं पानी आनू का, तर नुस्ती मान हलवली. कागद वाचला, घडी घातली अन् गेला.”

“कुठे गेलो?”

“आता ते मला काय ठावं? पाय तुमचं!”

सगळे हसले. हसणं थांबल्यावर बापूराव जरा संकोचून म्हणाला, “पर एक सांगू? काल लई बेस वाचलं. रोज असं वाचीत न्हाई तुमी. रोज आपलं... मागं कुत्रं लागल्यावानी.”

सरळ उत्तर म्हणजे बापूरावानं ते स्वतः रचलं. मी तसं विचारलं. तो इतका दुखावला, की दोन दिवस तालमीला आला नाही. “मी काय खोटारडा हाय?” त्याला मुलगा नव्हता, तीन मुली होत्या, घरातलं कुणी लढाईवर गेलेलं नव्हतं. त्याच्या बायकोनंही दारातून मला पाहिलं होतं, पाठमोरं. अण्णासाहेब माझ्यासोबत गाडीत होते, आणि जड संस्कृत समासाशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. एखाद्या जुन्या नाटकातलं असेल म्हणून पुढे कित्येक वर्षं मिळतील ती नाटकं चाळली. कुठे सापडलं नाही.

तेव्हा मात्र वेळ नव्हता. मी बापूरावासमोर वही घेऊन बसलो आणि तो म्हणत गेला तसं उतरवत गेलो. उतरवता उतरवता ध्यानात आलं... त्याला फक्त नक्कल येत होती. स्वतःची भाषणं आणि दुसऱ्यांचे शेवटचे दोन-तीन शब्द. तारवाला काय बोलतो, आई काय बोलते, याची त्याला कल्पनाही नव्हती. म्हणजे जे वाचलं गेलं ते कुठल्यातरी पूर्ण वहीवरून उतरवलेलं होतं. ती वही कुठे होती?

बाकीच्यांची भाषणं मी लिहिली. शेवटचे शब्द आधीच ठरलेले, मी फक्त तिथपर्यंत पोचायचं. लिंबाखाली बसून लिहायचो, आणि शेजारची जागा रिकामीच आहे ना, हे दर दोन ओळींनी पाहायचो. ती रिकामीच असे. त्यानं बरं वाटत नसे.

यात्रेतला प्रयोग झाला. ताटाचं वाक्य आलं. ज्यांची पोरं लढाईवरून परत आली नव्हती अशी घरं त्या पंचक्रोशीत होती, ती मी विसरलोच होतो. मागून एका बाईचा हुंदका आला आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

प्रयोगानंतर मॅनेजर रंगपटात आले. जाडजूड गृहस्थ, बोलणं मात्र मोजकं.

“पहिले दोन अंक शाळेतले,” ते म्हणाले. अण्णासाहेबांना ही स्तुती वाटली. त्यांनी शाल सावरली. “तिसऱ्यात दोन हात आहेत. बापाची भाषणं एकाची, बाकी सगळ्यांची दुसऱ्याची. तो दुसरा चांगला कारकून होईल. बापाची कुणी लिहिली?”

‘मी नाही’ – एवढेच शब्द होते. जिभेवर आलेही होते.

“ह्यांनीच की!” तोंडाचा रंग गोडेतेलानं पुसत बापूराव म्हणाला. “माज्याम्होरं बसून वाचली. देवाम्होरं सांगतो, पायजे तर.”

मॅनेजरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मग असंच एक अख्खं नाटक आणा. दिवाळीपर्यंत वाट पाहतो.”

मी म्हणालो, “बरं.”

दिवाळीपर्यंतची मुदत वडिलांनीही दिली, जराशा आदरानं. मी अख्खं नाटक लिहिलं, पाठवलं. हस्तलिखित परत आलं, सोबत एक चिठ्ठी – ‘हे मात्र तुम्हीच लिहिलेलं दिसतं.’ दिवाळीनंतर मी कचेरीत रुजू झालो.

पुढे त्या भागात कामानिमित्त जाणं होई. बापूरावाला भेटलो की एकच प्रश्न विचारायचो आणि त्याचं उत्तर एकच असायचं. शेवटच्या भेटीत तो अंथरुणाला खिळलेला होता; मला वाटलं, आता तरी खरं सांगेल. म्हटलं, “बापूराव, तो खरंच मी होतो?”

“मास्तर,” तो वैतागून म्हणाला, “तुमीच हुता. आता तुमी नसला, तर ते तुमचं तुमी बगा.”

ते मी अजून बघतो आहे. अंक माझ्या नावावर आहे, त्यावर कुणी कधी हक्क सांगितला नाही. साक्षीदार सगळे माझ्याच बाजूचे. विरुद्ध साक्ष देणारा मी एकटा उरलो, आणि माझ्याकडे पुरावा नाही.