बेटाची फेरी आणि आईचं गरम पाणी

१९५८ च्या मार्च महिन्यात, एका मंगळवारी सकाळी, तेर रूज या आमच्या गावाहून बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईला, कामावर जाताना सायकलवर असतानाच माझ्या उजव्या डोळ्याला नीट दिसेनासं झालं. अंधार नव्हता. दुधावरच्या सायीतून पाहावं तसं दिसत होतं. मी उतरलो, रस्त्याकडेच्या नळावर डोळा धुतला, पुन्हा सायकलवर बसलो आणि कचेरीत वेळेवर पोचलो. त्या दिवशी न्यायालयातली दोन प्रकरणं लिहून दिली. डोळा पाच आठवड्यांत सुधारला. लाल रंग मात्र त्या डोळ्याला नंतरही फिकाच दिसत राहिला.

मी एका फ्रेंच दैनिकात बातमीदार होतो. वय एकतीस. घरी आई आणि पत्नी. वडील उसाच्या मळ्यात तोडणी करत. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. रविवारी मी लांब पल्ल्याची सायकल चालवत असे. आमच्या हौशी सायकलवाल्यांची एक मंडळी होती. दर ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या थंडीत, ती बेटाची फेरी काढत असे. सगळा किनारा धरून एकशे दहा मैलांच्या आसपास. सकाळी सहाला पोर्ट लुईहून निघायचं आणि संध्याकाळी सहाच्या आत परत यायचं. शर्यत नव्हती. पहिला, दुसरा कोणी नसे. वेळेत परतलेल्यांची नावं मंडळीच्या चिटणिसांच्या वहीत लिहिली जात. उशिरा आलेल्याचं नाव लिहीत नसत. त्या वहीत माझं नाव तीनदा होतं.

पुढच्या वर्षी डावा पाय गेला. म्हणजे कायमचा गेला नाही. जायचा आणि यायचा. सायकल चालवायला लागून चाळीसेक मिनिटं झाली की पाय पेडलवर आहे की नाही, हे खाली पाहिल्याशिवाय कळत नसे. चालताना बूट पुढून घासत असे. हे आधी माझ्या नव्हे, माझ्याबरोबर सायकल चालवणाऱ्या मित्राच्या लक्षात आलं. तो क्रेओल, म्हणजे आफ्रिकी वंशाचा होता, तेर रूजमध्ये त्याचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. मला तो कधी नावानं हाक मारत नसे, बातमीदारसाहेब म्हणे.

"मिस्ये जूर्नालिस्त," तो त्याच्या भाषेत म्हणाला, "तुझा एकच बूट म्हातारा झालाय. दुसरा अजून लग्नाचा दिसतोय."

१९६० मध्ये क्वात्र बॉर्नमधल्या एका डॉक्टरांनी मला तपासलं. गुडघ्यांवर ठोकलं, तळपायावरून किल्लीचं टोक ओढलं, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. मी राहू शकलो नाही. मग त्यांनी एका कागदावर रोगाचं फ्रेंच नाव लिहिलं, स्क्लेरोज आं प्लाक, आणि समजावलं: मज्जातंतूंवर आवरण असतं, ते मेंदूत आणि कण्यात जागोजागी झिजतं, निरोप पायापर्यंत पोचत नाही.

"पुस्तकात हा थंड प्रदेशांचा रोग आहे," ते म्हणाले. "तुम्ही कुठं जाऊन आलात?"

"कार्तिए मिलितेरला. दर रविवारी."

बेटाच्या मध्यावरचं हे गाव उंचावर, थंड हवेचं. डॉक्टर हसले नाहीत. "कशासाठी?"

"चढ आहे म्हणून. सायकलनं."

"सायकल बंद करा."

"बंद केली तर रोग थांबेल?"

"नाही."

"चालवली तर वाढेल?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही."

दोन्ही उत्तरं मी खिशातल्या वहीत उतरवली. ते पाहून त्यांनी चष्मा काढला आणि आणखी एक प्रश्न विचारला: गरम पाण्यानं आंघोळ केल्यावर त्रास वाढतो का? मी म्हणालो, नाही, उलट बरं वाटतं. हे माझं निरीक्षण नव्हतं. आई तसं म्हणत असे आणि मी ते न तपासता पुढे दिलं.

क्वात्र बॉर्नहून परतताना बसमध्ये मी ठरवलं की पाय आहे तोवर फेरी आणखी एकदा वेळेत पुरी करायची. चौथं नाव. त्याहून जास्त काही मागायचं नाही. पत्नीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "अवो, मग आता जेवा आनि निजा. उद्या कामाला जायचा हाय."

त्या दोन वर्षांतलं सर्वांत जास्त आठवतं ते थकणं. मैल काढून येणारा थकवा मला माहीत होता. तो जेवला-झोपला की जातो. हा झोपून उठल्यावरही तिथंच असे. दुपारी चारच्या सुमारास कचेरीत बोटं टाइपरायटरवर असत आणि वाक्य पुढं सरकत नसे. संपादकांना वाटे, मजकूर पुन्हा तपासतोय. घरी आल्यावर पायरीवर बसून बूट काढायला दहा मिनिटं लागत. रविवारी सायकल काढायची ती उत्साहानं नव्हे. शनिवारी वेळ आणि रस्ता वहीत लिहून ठेवलेला असे, म्हणून काढायची.

वही मी बातमीदाराच्या पद्धतीनं ठेवत होतो. रस्ता, मैल, वारा, किती वाजता पाय बधिर झाला, किती वाजता परत आला. मत लिहायचं नाही.

आईचे उपचार सुरूच होते. उसाच्या शेतात दिवसभर वाकलेल्यांचे पाय आखडत. त्यावर आमच्या मराठी लोकांत एकच उपाय होता, आणि मळ्यांवर मजुरीला रत्नागिरीकडून आलेल्या बायकांनी तो सोबत आणला होता. लसूण घालून कढवलेलं तेल पोटऱ्यांना चोळायचं आणि नंतर निंबाचे डहाळे घालून उकळलेलं पाणी, सोसेल तितकं गरम, कमरेपासून खाली ओतायचं. वडिलांचे पाय तिनं बावीस वर्षं असे चोळले होते. माझे पाय शेतात कधीच गेले नाहीत, पण आजारी पाय म्हणजे तिला तेच पाय दिसत. दर रविवारी पहाटे निघण्याआधी आणि परत आल्यावर मला ते पाणी मिळे.

"पायात वारा शिरलाय, बाला," ती म्हणे. "ऊन पान्याबगर तो जायचा नाय. हालू नको."

"आये, भाजतंय."

"भाजूं दे. तुझा बापूस हूं की चूं करीत नव्हता."

१९६२ च्या फेब्रुवारीत तीन दिवस पाऊस लागून सरपण भिजलं. त्या रविवारी चूल पेटली नाही. मी हौदातल्या गार पाण्यानं आंघोळ केली आणि निघालो. पाय कार्तिए मिलितेरच्या बाजारापर्यंत शाबूत होता. एक तास पन्नास मिनिटं. वहीत "गार पाणी" एवढंच लिहिलं, कारण त्या दिवसात तेवढीच गोष्ट वेगळी होती.

एका माणसानं सांगितलेलं छापायचं नाही, दुसऱ्याकडून खात्री करायची, असा कचेरीतला नियम होता. पुढच्या रविवारी चूल पेटली होती. गरम पाणी घेतलं. पाय पस्तीस मिनिटांत गेला. त्यापुढच्या रविवारी मी आई उठायच्या आत हौदावर गेलो. पाय दीड तास टिकला. मग जुनी पानं उलटली. पाऊस झेलत चढावर गेलेले सगळे दिवस चांगले होते. तेर रूजच्या उकाड्यातले वाईट होते. डोळा अधूनमधून पुन्हा अंधूक होई, तोही आंघोळीनंतरच. दोन वर्षं ते सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

डॉक्टरांना मी वही दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. "मी तुम्हाला हेच विचारलं होतं," ते म्हणाले. उष्णतेनं रोग वाढत नाही, असं त्यांनी सांगितलं. झिजलेल्या तंतूंतून निरोप जायचा तेवढा वेळ थांबतो, अंग निवलं की पुन्हा जातो. "आईंना सांगाल तेव्हा रोग वाढत नाही हे आधी सांगा."

मी ते आधी सांगितलं नाही. शनिवारी संध्याकाळी आई डहाळे निवडत बसली होती. मी म्हणालो, "आये, उद्यापासून गार पाणी."

तिनं माझ्याकडे न बघता सुनेकडे बघितलं. "सरपान आनायचा कटाळा आला का गं तुला?"

"मी काय बोलले नाय, आये. त्येंनाच इचारा," पत्नी म्हणाली.

"ऊन पाण्यानं पाय जातो," मी म्हणालो. "वहीत लिहिलंय. डॉक्टर पण तेच म्हणतात."

आई वाचायला शिकली नव्हती. तिनं वही मागून घेतली, मांडीवर ठेवली आणि पानं उलटली. मग विचारलं, "ह्यात कंच्या दिवशी ऊन पानी लिवलाय?"

मी बोट ठेवून दाखवत गेलो. सहा-सात पानं झाल्यावर तिनं वही मिटली. तेव्हा मी डॉक्टरांचं ते वाक्य सांगितलं: रोग त्यानं वाढला नाही. ती म्हणाली, "बरां." डहाळे उचलून तिनं बाहेर टाकले. त्यानंतर महिनाभर ती माझ्या पायांबद्दल बोलली नाही. तेलाची वाटी फळीवर तशीच होती. जूनमध्ये तिनं त्या तेलात देवाचा दिवा लावला.

मार्च ते जुलै मी आठवड्याला ऐंशी मैल काढले, सगळे पहाटे किंवा पावसात. पाय बरा होत नव्हता. तो उशिरा जात होता, एवढंच.

ऑगस्टमधल्या फेरीला आम्ही चौदा जण निघालो. सहा वाजता सुटलो आणि पंचवीस मिनिटांत तेर रूजला पोचलो. आई रस्त्यावर उभी होती. तिनं एका जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून हौदाच्या पाण्यात भिजवून आणल्या होत्या. एक माझ्या मानेभोवती, दोन मांड्यांवर बांधल्या. उरलेल्या पिशवीत घालून दिल्या.

"वाळल्या का भिजव," ती म्हणाली. "जा. थांबू नको."

मित्र बाजूला सायकल धरून उभा होता. "मिस्ये, आता तू वाटेवरच्या देवळासारखा दिसतोस. कोणी फुलं वाहिली तर मला अर्धी."

पूर्व किनाऱ्यावर वारा तोंडावर होता, पण गार होता. फ्लाकला नऊ वाजून दहा मिनिटं झाली. माएबूरला बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती. तिथं दोघांनी फेरी सोडली. प्रत्येक गावच्या नळावर मित्र पुढं जाऊन पट्ट्या भिजवून ठेवी, मी त्या बदली. सुयाकला दोन वाजले तोवर पाय माझा होता. दक्षिण टोकाला वळसा घातल्यावर वारा पाठीशी आला आणि अंगाला लागेनासा झाला. पश्चिमेची बाजू कोरडी. ऑगस्टमध्येही तिथं दुपारी रस्ता तापतो. पट्ट्या दहा मिनिटांत वाळू लागल्या. रिव्हिएर न्वारला चार वाजून पाच मिनिटांनी डावा पाय थांबला. उजवा डोळाही गेला. मी सायकलसकट रस्त्याकडेच्या गवतात कललो.

मित्रानं मला काखेत धरून जवळच्या नदीत नेऊन बसवलं, कपड्यांसकट, कमरेपर्यंत पाण्यात.

"किती वेळ?" त्यानं विचारलं.

"वीस मिनिटं. कदाचित जास्त. तू जा."

"मी गेलो तर तू इथं आडवा होशील आणि गाई येऊन चाटतील."

"चाटल्या तर गारच वाटेल. जा, तुझं नाव तरी वहीत येईल."

तो पाच मिनिटं काठावर उकिडवा बसला. मग त्यानं माझी बाटली भरून दगडावर ठेवली, आपली पण ठेवली आणि गेला.

मी तीस मिनिटं पाण्यात बसलो. पायाची बोटं आधी आली, मग पोटरी. पाच वाजायला वीस मिनिटं असताना पुन्हा निघालो. बांबू या गावी साडेपाच झाले. तिथून पुढं पाय दोनदा गेला. दोन्ही वेळा सायकल हातात धरून चालत राहिलो. चालतानाही बूट घासत होता.

पोर्ट लुईला चिटणीस टेबल आवरत होते. ते निवृत्त शाळामास्तर होते. मित्र त्यांच्या शेजारी उभा होता. तो पाच पंचावन्नला पोचला होता. चिटणिसांनी आवरलेली वही पुन्हा उघडली.

"माझ्या घड्याळात सहाच झालेत," ते म्हणाले.

"पोस्टाच्या घड्याळात सहा बावीस झालेत," मी म्हणालो.

"पोस्टाचं घड्याळ इथून कुणाला दिसत नाही."

"लिहितो म्हणतायत तर लिहू दे की," मित्र म्हणाला. "एकशे दहा मैल काय तू स्वप्नात आलास?"

मी चिटणिसांना सांगितलं की सोमवारच्या अंकात फेरीची बातमी मलाच लिहायची आहे. त्यांनी काही वेळ पेन धरून ठेवलं. मग टोपण लावलं.

बातमी सात ओळींची झाली. निघाले चौदा. माएबूरला दोघांनी फेरी सोडली. सहाच्या आत परतले अकरा. एक जण सहा वाजून बावीस मिनिटांनी परतला. त्याचं नाव वहीत नाही.