बेबीमावशींना समजेपर्यंत

ज्यांनी माझ्या मुलीला वाचायला शिकवलं, त्या बाईंना वाचता येत नव्हतं.

आज सकाळी त्या गेल्या.

बेबीमावशी. डोंबिवलीत खाडीकडच्या गावात राहायच्या. मी ठाण्याला कॉलेजात शिकवायला गेले की दुपारभर सईला सांभाळायच्या. चार वर्षं.

सई दुसरीत असताना टीचरनी मला बोलावलं.

"रीडिंग फर्स्ट क्लास आहे. पण वाचलेलं आत पोहोचत नाही. गोष्ट असली तर ठीक. माहितीचा उतारा आला की ही अंदाजाने उत्तरं देते."

मी साहित्य शिकवते. मी घरात आणखी गोष्टीची पुस्तकं आणली.

एकदा वेणी घालताना सई म्हणाली, "आई, मला वाचता येतं. मग कळत का नाही? मी ढ आहे का?"

मी "नाही गं" म्हटलं. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

एक दुपार मला स्वप्नासारखी आठवते.

लेक्चर रद्द झालं म्हणून लवकर आले होते. दार नुसतं लोटलेलं. हिरवा पडदा ओढलेला. सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी. पंखा संथ. मावशी लसूण सोलतायत आणि सई फाडफाड इंग्रजी वाचतेय. ऑक्टोपसवरचं पान.

वाचून झालं.

"आता मना सांग. क लिवलंय?"

"ऑक्टोपसला तीन हार्ट असतात."

"तीन? क करतंय तो तीनांचा?"

सईने पान उलटायला घेतलं.

"बघ ना गो. पुस्तक तुज्या मांडीवर हाय. मना थोडीच वाचता येतंय!"

सई परत त्या पानात शिरली. या वेळी हळू, एकेका ओळीवर थांबत.

"दोन हार्ट कल्ल्यांना रक्त देतात. एक बाकीच्या अंगाला. आणि पोहताना ते एक थांबतं. म्हणून त्याला पोहण्यापेक्षा सरपटायला आवडतं."

"म्हंजे पोवताना दमत असंल बिचारा."

सईने पुन्हा पान पाहिलं.

"असं लिहिलं नाहीये. पण बरोबर आहे, मावशी!"

"मंग! मावशी कोनाची?"

मी चपला हातात घेऊन दारातच उभी राहिले.

मग हे रोजचं झालं. मुंग्या, ज्वालामुखी, चंद्र. मावशींना समजेपर्यंत पान उलटायचं नाही.

आणि मावशींना सहजासहजी समजायचं नाही.

"नाय कलला. परत सांग."

कधी मुद्दाम उलटं बोलायच्या. "म्हंजे चंद्राला सोताचा उजेड हाय." सई चवताळून ओळ शोधायची.

त्या दुपारी किती लांब असायच्या. चंद्रावरून परत यायला पाच वाजायचे.

वर्षभरात टीचरनी पुन्हा बोलावलं नाही.

मी एकदा मावशींना म्हटलं, "रोज वीस मिनिटं बसा माझ्याजवळ. मी शिकवते तुम्हाला वाचायला."

हसल्या. "नको ताई. मना वाचता आला त पोरगी कोनाला समजवल?"

ते खरं कारण होतं की टाळणं, मला कळलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

गणपतीनंतर मावशी आपली हॉस्पिटलची फाईल घेऊन आल्या. त्यांचा मुलगा म्हणत होता, सगळं नॉर्मल आहे. त्यांना खरं हवं होतं.

फाईल त्यांनी सईच्या हातात दिली.

"द्या, मी बघते," मी म्हटलं.

"तू नको, ताई. तू गोड करून सांगशील. ती हाय तसा सांगल."

सईने बराच वेळ घेतला. दोन शब्द मला विचारले. मी सांगितले.

"मावशी, तुझ्या दोन्ही किडन्या खूप कमी काम करतात. मागच्या वेळेपेक्षा कमी. हा मागचा आकडा. हा आताचा."

"बरी व्हईन का?"

मी मनातल्या मनात सईला विनवत होते. हो म्हण. हो म्हण.

तिने कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"ते यात लिहिलं नाहीये, मावशी."

मावशींनी मान हलवली.

"कलला."

त्या संध्याकाळी त्यांनी मुलाला सांगितलं, मना ठाव हाय. मग मायलेकरं पहिल्यांदा नीट बोलली म्हणे. आमच्याकडचं काम सुटलं. उपचाराला कल्याणला यायच्या, बाकीचे दिवस माहेरी, खडवलीला. फोनवर म्हणायच्या, नदी बघत बसते.

दहा वर्षांच्या मुलीला तो कागद वाचू द्यायला हवा होता का?

अजून ठरवता आलेलं नाही.

आज सई शाळेतून येईपर्यंत मी वाक्यं तयार करत होते. चांगली होती वाक्यं.

ती आली. दप्तर ठेवलं.

"सई, मावशी गेल्या. आज सकाळी."

"म्हणजे वारल्या?"

"हो."

ती माझ्या मांडीवर येऊन बसली. आता मावत नाही. तरी बसली. बाहेर ऊन हळूहळू उतरत गेलं.

बेबीमावशी, आम्हा दोघींचा शेवटचा नमस्कार.