तात्यांची तांबडी

हे मी मुलाला सांगितलेलं नाही, सुनेला नाही, बहिणीलाही नाही — आणि बहिणीला मी काय सांगत नाही? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला मधेच थांबवून "जाऊ दे गं" म्हणणार नाही.

विषय एका कोंबडीचा आहे. हसा खुशाल. कोंबडीच तर होती, असं मीही चार वर्षं स्वतःला बजावतेय आणि त्याचा काडीचा उपयोग झालेला नाही.

मी शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं. कोंबडीच्या पचनसंस्थेची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढायचे — गळ्याखालची अन्नपिशवी, पेषणी, आतडी, सगळं नावांसकट. आणि कोंबडीला हात? जन्मात लावला नव्हता. आमच्या पेठेतल्या घरात अंडंसुद्धा येत नसे. निवृत्त झाल्यावर मुलाबरोबर खराडीला आले. तळमजल्यावरचा फ्लॅट, आणि खिडकीबाहेरच्या कुंपणापलीकडे सुनंदाच्या घराचं परसदार. त्यांच्या शेतांवर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत. उरलं ते घर, परसदार आणि सहा कोंबड्या.

कोंबड्या सुनंदाच्या सासऱ्यांच्या, तात्यांच्या. गुडघे गेलेले, त्यामुळे दिवसभर परसात बाजेवर बसून. ताटातली भाकरी मोडून मोडून कोंबड्यांना घालायचे. त्यांतली तांबडी तर सरळ मांडीवर चढायची. घरात ज्याला त्याला आपापली कामं, नातवंडं मोबाइलमध्ये — म्हातारा बोलणार कुणाशी? कोंबड्यांशी बोलायचे. मला खिडकीतून सगळं ऐकू यायचं.

एका दुपारी सुनंदाने कुंपणावरून हाक मारली. "बाई, जरा येता का? तांबडी कसंतरीच करतीय." सकाळी चांगली हिंडत होती म्हणे. आता पिसं फुलवून एका जागी बसलेली, शेपटी खाली, मधूनच कुंथल्यासारखं करत होती.

तात्या म्हणाले, "अंड्याला अडलीय ती. ऊन पाण्यात बसवा, सुटंल."

मला काय कळत होतं? काहीही नाही. पण "मला माहीत नाही" हे माझ्या तोंडून कधी निघालंय? वर्गात एखाद्या पोरीने नेमका प्रश्न विचारला की मी म्हणायचे, ते अभ्यासक्रमात नाही, बस खाली. तसंच झालं. दोन हात लांब उभं राहून मी सांगितलं, अन्नपिशवी गच्च भरलीये, तात्या दिवसभर भाकरी चारतात ना, ती फुगून बसलीये. चमचाभर तेल पाजा, उपाशी ठेवा, डालग्याखाली झाका. पाण्यात बिण्यात मुळीच घालू नका. डॉक्टरकडे नेऊ का, असं सुनंदाने विचारलंही. मी म्हटलं, काही गरज नाही.

तात्या पुन्हा काहीतरी बोलायला लागले. सुनंदा म्हणाली, "तात्या, बाई सांगत्यात ना." ते गप्प झाले. आणि मला — लिहूनच टाकते — मला बरं वाटलं.

सकाळी तांबडी मेलेली होती.

इथपर्यंत अज्ञान म्हणा हवं तर. मी त्याबद्दल लिहायला बसलेली नाही.

सुनंदा पोतं आणायला आत गेली. तात्या बाजेवर, भिंतीकडे तोंड करून. मी खाली वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा कोंबडीला हात लावला. का लावला, कुणास ठाऊक — आपलं बरोबर होतं ना, एवढंच बघायचं असेल. गळ्याखाली चाचपलं. पिशवी रिकामी, लुळी. मग हात मागे नेला, शेपटीच्या अंगाला. तिथे बोटांना कडक, गोल लागलं. अंडं. अख्खं.

सुनंदा पोतं घेऊन आली. "भाकरीनंच ना, बाई?"

तेव्हा मला माहीत होतं. स्वच्छ माहीत होतं. मी "हो" म्हटलं. तेवढ्यावर थांबावं की नाही? नाही. मी तिला वर सुनावलं, "म्हाताऱ्या माणसांना भान राहत नाही, तुम्ही लक्ष ठेवायला हवं." तात्यांना ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने.

सुनंदाने लक्ष ठेवलं. त्या दिवसापासून तात्यांचं जेवण आत, स्वयंपाकघरात, तिच्या नजरेसमोर. बाज उचलून पुढच्या पडवीत नेली. नातवंडं गमतीत म्हणायची, आजोबांनी कोंबडी मारली. खिडकीतून येणारा त्यांचा आवाज बंद झाला. एकदा रस्त्यात भेटले तर मलाच म्हणाले, "माझ्या हातनं गेली, बाई. सारा जलम कोंबड्यांत गेला, आन् एवढं कळलं न्हाई."

सांगायला मला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, "ऊन वाढलंय, घरी जा."

हल्ली सुनंदाचा राग निवळलाय. अधूनमधून ते काठी टेकत परसात येतात. पण कोंबड्यांपुढे काही टाकायच्या आधी कुंपणापाशी येऊन उभे राहतात आणि मला तळहात दाखवतात. ज्वारीचे चार दाणे. "बाई, एवढं चालंल का?" मला असा संताप येतो. मला काय विचारताय? तुम्हाला कळत होतं, मला नव्हतं कळत — असं ओरडावंसं वाटतं. त्यांचाही राग येतो, खोटं कशाला बोलू. इतकं ऐकून घेतं का कुणी?

कालही आले. हात पुढे केला. मी चष्मा लावला, खिडकीतून वाकून नीट पाहिलं आणि म्हटलं, "यातले दोन कमी करा, तात्या."

त्यांनी दोन दाणे वेचले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले.