पूर्वेच्या खिडकीची काच

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, म्हणतात. लग्न मी करून बघितलं होतं. नवरा अकरा महिने आखातात आणि एक महिना महाडात. आता घर बांधून बघत होते. घर पूर्ण झालं की कायमचा येतो, असा त्यांनी शब्द दिला होता, म्हणून विटांवर पाणी मारायलासुद्धा मी स्वतः उभी राहायची.

हे तिकडे उंच इमारतींना काचा बसवतात, त्यामुळे खिडक्यांचं खातं त्यांच्याकडे. भिंती उभ्या राहिल्या आणि रोज व्हिडिओ कॉल यायला लागला.

"ऊन दाखव गो."

सिमेंटच्या गोण्या चुकवत मी फोन घेऊन खोल्या फिरायची. सकाळी ऊन कुठवर येतं, चारला किती आत शिरतं, तिथं जमिनीवर खडूची रेघ मारायची. काचेतून सूर्याची उष्णता किती आत येते त्याचा एक आकडा असतो, तो शून्याच्या जितका जवळ तितकं घर गार, हे मला त्यांनीच शिकवलं. एरवी आमचं बोलणं म्हणजे पोरं जेवली का आणि आईचा बीपी किती. आता अर्धा अर्धा तास आम्ही उन्हावर बोलत होतो.

मला त्याची इतकी गोडी लागली की मी चक्क खोटं बोलायला लागले. अॅल्युमिनियमवाला माप घेऊन गेला होता, काच कुठली ते सांगा म्हणून माझ्या डोक्यावर बसला होता. यांना मात्र मी सांगायची, "तो आलाच नाय अजून. उद्या परत बघू."

शेवटी त्यांनीच निकाल दिला. चारी बाजूंना काळी, ऊन परतवणारी काच, आणि खिडक्या न उघडणाऱ्या. आमच्याकडे आखातातून परतलेला जो तो हेच करतो. मग पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते आणि भर दुपारी दिवे लावावे लागतात. माझं डोकं फिरलं.

"पश्चिमेला लावा, ती खोली तव्यागत तापते. पण पूर्वेला साधी काच पायजे, आणि उघडणारी. पावसात वरंधकडच्या डोंगरावरनं कधीतरी घटकाभर ऊन येतं, ते पण बाहेरच ठेवू? गाद्या कुठं सुकवू? इथला पाऊस विसरलात काय?"

त्यांना रजा मिळते ती मे महिन्यात. कित्येक वर्षांत त्यांनी इथला श्रावण पाहिलेला नाही. त्यांच्या डोक्यातलं महाड नुसतं तापलेलं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा भांडल्याचं वाईट वाटलं. त्या पूर्वेच्या खोलीत आम्ही दोघं सकाळचा चहा घेऊ, असं मी मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"बरं," ते म्हणाले, "पूर्वेची तुझ्या मनासारखी घे. रोज तिथं तूच बसणार हायस."

"आणि तुमी?"

ते हसले. "मी येतोय ना मे महिन्यात, दरवर्षीसारखा."

त्याच दुपारी मी अॅल्युमिनियमवाल्याला काच सांगून टाकली.