अर्ध्या टक्क्यापायी

कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. आई आणि मी क्वार्टरमध्ये राहायचो. आईचं अर्धं आयुष्य सिद्धेश्वरच्या कालव्यावर मजुरी करण्यात गेलं होतं. स्वतःचं घर तिला कधी मिळालंच नाही.

बाजारामागचं एक घर विकायला निघालं होतं, ते एका दुकानदाराचं. दुकान बुडालं, गृहकर्जाचे हप्ते थकले. घर विकूनही सगळं कर्ज फिटणार नव्हतं, पण येईल त्या किमतीवर कर्ज मिटवायला त्याची बँक राजी होती. लेखी मंजुरी तेवढी यायची होती. घर बघायला गेलो तेव्हा आई स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी जी उभी राहिली, ती हलेचना. शेवटी दुकानदाराच्या बायकोनंच तिचा हात धरून तिला बसवलं.

कर्ज कुठून काढायचं ते मला ठरवायचं होतं. नांदेडच्या एका गृहकर्ज कंपनीचा माणूस दवाखान्यात आला. म्हणाला, "सिस्टर, आमचं व्याज अर्धा टक्का जास्त आहे. पण अशी घरं आमी केलेली आहेत. कागद त्यांच्या बँकेत अडकलेले असले तरी आमी थेट तिथं पैसे भरून सोडवतो."

माझ्या पगाराच्या बँकेत व्याज कमी होतं. असं घर तुम्ही कधी केलंय का, हे मी तिथल्या साहेबांना विचारलंच नाही. हप्ता विचारला आणि अर्ज भरला.

दुकानदाराच्या बँकेची लेखी मंजुरी आली ती एका महिन्याच्या मुदतीची. माझी बँक म्हणे, आधी मूळ खरेदीखत आणा. त्यांची बँक म्हणे, आधी पैसे भरा. हेलपाटे घालून थकले तेव्हा त्या नांदेडच्या माणसाला फोन केला.

"आता चारच दिवस राहिले, सिस्टर. न्हाई व्हायचं," तो म्हणाला.

हट्टा गावच्या एका व्यापाऱ्यानं सगळे पैसे एकदम भरून घर घेतलं.

आईनं एवढंच विचारलं, "काहून गं? बँक तर तुझीच होती ना?"

पुढं माझी हिंगोलीला बदली झाली, तिथं फ्लॅट घेतला. चांगला आहे, हवा येते. तरी कुणी पाहुणं आलं की आई त्याच घराचं सांगत बसते. मागं हळद लावली असती, म्हणते, दोन वाफे सहज निघाले असते. मीही मध्येच बोलून जाते, दोन नाही, तीन.

नांदेडला जाताना बस कळमनुरीला थांबते. उतरून त्या गल्लीत जाऊन यावंसं वाटतं. अजून गेलेले नाही.