तोंडात खर्रा धरल्यासारखं

तोंडात खर्रा असताना बोलायची वऱ्हाडात एक रीत आहे. हनुवटी वर करायची, ओठ जेमतेम उघडायचे आणि बिनधास्त बोलायचं. घोटलेल्या सुपारी-तंबाखूतून वाट काढत जे बाहेर येतं, त्यात धड अक्षर एखादंच असतं. पण समोरच्याला समजतं. माझा मोठा भाऊ चाळीस वर्षं असाच बोलला. अकोल्याच्या घरी बाहेरगावचे पाहुणे आले की ते त्याच्या तोंडाकडे पाहत राहायचे आणि मी शेजारी बसून अर्थ सांगायचो. त्याच्या एका वाक्याची माझ्याकडे तीन व्हायची. घरातल्या गोष्टी सांगणाऱ्याला एवढी सूट असते, हे मीच ठरवलेलं.

गेल्या वर्षी दादाच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. जिभेचाही तुकडा काढावा लागला. खर्रा सुटला आणि बोलणं मात्र कायमचं तसं झालं. मी मनात म्हटलं, आपल्याला काय, आपली चाळीस वर्षांची तयारी आहे.

पण तो अकोल्याला आणि मी अमरावतीला. फोनवर ना हनुवटी दिसते ना भुवया. नुसता घोगरा आवाज यायचा, ओल्या घोंगडीखालून आल्यासारखा. बायको गेल्यापासून माझ्याशी रोज बोलणारं तेवढं एकच माणूस उरलंय. पुण्याची मुलगी रविवारी बोलते. स्वच्छ, सुटसुटीत, चार मिनिटं. दादाचा फोन रोज संध्याकाळी यायचा. "नाही समजलं" म्हटलं तर तो फोन करणंच सोडेल, अशी भीती वाटायची. म्हणून मी "हो हो" म्हणायचो. आवाज चढला की "अरेरे", उतरला की "छान झालं".

एका मंगळवारी दुपारी वहिनीचा फोन आला.

"भाऊजी, तुमी काहून नाही आले? डॉक्टरनं आज तपासणीले बोलावलं होतं. हे सकायपासून कपडे घालून बसले. म्हणे, तो हो म्हणाला, येऊन राहिला. माह्यासोबत जाले तयारच नाही झाले."

मिळेल त्या एसटीनं गेलो. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी खुर्ची ओढली, तसा तो न वळताच म्हणाला, "हो हो." हुबेहूब माझ्या चालीत. ते मला पहिल्या झटक्यात समजलं.

दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. तिथं बोलणं शिकवणाऱ्या बाई होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी मोबाइलवर दादाचं एक रेकॉर्ड केलेलं वाक्य लावलं. मला ओ की ठो कळेना. मग त्यांनी कपाशीबद्दलचं ते वाक्य सांगितलं, "पऱ्हाटीले पाणी द्या लागते," आणि पुन्हा लावलं. शब्द न् शब्द ऐकू आला. बाईंनी दुसरंच काही लावलं, असा मला संशय.

"काका, तेच आहे," त्या म्हणाल्या. "कानाला अर्धंमुर्धंच मिळतं, बाकीचं मेंदू भरतो. पण विषय काय आहे ते त्याला आधी ठाऊक हवं."

भरायला माझा मेंदू जन्मापासूनच तयार, तो काहीही भरतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. दादा जवळ बसला होता. त्याला ठाऊक होतंच.

बाईंनी उपाय सांगितला: फोनच्या आधी मोबाइलवर विषयाचा एक शब्द लिहून पाठवायचा. दादा भडकला. "मी काय मुका आहो?" समोर होता म्हणून समजलं. आठ दिवस फोन आला नाही. माझ्या घरात कुकरची शिट्टी आणि रविवारची चार मिनिटं सोडली तर कोणाचा आवाज नव्हता.

नवव्या दिवशी शब्द आला: "गुडघा." पाठोपाठ फोन. गुडघ्याचं सगळं गाऱ्हाणं मी ऐकलं, आणि खरंच ऐकलं. मग "कापूस" आला, "नळ" आला, "तुही वहिनी" आली. त्या दिवशी तर पाऊण तास.

परवा संध्याकाळी नुसतं आलं: "काही नाही."

फोन उचलला. तो बोलला. विषयच नाही, तर मेंदू काय भरणार? जिभेवर "हो हो" आलं होतं.

"दादा, नाही समजलं. आखीन एकदा सांग."

त्यानं सांगितलं. तरी नाही. तिसऱ्यांदा, थांबत थांबत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. जेवला काय बे, असं विचारत होता.

जेवलो नव्हतो. तसंच सांगितलं.