डेल्फीनचं लायसन आणि नॉर्बर्टचं गवत

आमच्या डेल्फीनला गावात "लायसनवाली" म्हणतात, आणि म्हणताना नाक मुरडतात. मी तिची सख्खी धाकटी बहीण, तेव्हा माझ्याकडून समतोल वगैरेची अपेक्षा कुणी ठेवू नये. मला राग आलाय आणि तो अजून गेलेला नाही.

नवरा वारला तेव्हा तिच्या वाट्याला गाई आल्या आणि वेड्या बाभळींनी भरलेलं कुरण आलं. त्या बाभळी मारायचं जहाल औषध लायसनशिवाय मिळत नाही. लायसन नवऱ्याचं होतं, ते त्याच्याबरोबर गेलं. दिराने सांगितलं, "माझ्या नावावर आण की! इथे सगळे आणतात." ही म्हणाली, "फवारणार मी आणि नाव तुझं? उद्या काही झालं तर?" बसली परीक्षेला. नापास झाली. लोक फिदीफिदी हसले. पुन्हा बसली आणि पास झाली.

बरं, मिळवून भागत नाही, टिकवायलाही लागतं. त्यासाठी वर्ग असतात. आमचे बाप्ये येतात, हजेरीची सही ठोकतात, भाजलेलं मांस चापतात आणि मागच्या दाराने पसार होतात. डेल्फीन पहिल्या रांगेत शेवटपर्यंत बसते. टेक्सासच्या उन्हात अंगभर कपडे आणि हातमोजे घालून फवारते, वारा सुटला की पंप बंद करते. त्यावरही हसतात, मेले!

शेजारचा नॉर्बर्ट मिकुलिक वर्गाला गेलाच नाही, म्हणून त्याचं लायसन रद्द झालं. आला हिच्या फाटकाशी. "डेल, औषधाचा एक कॅन तुझ्या लायसनवर घे ना. शेजारी शेजाऱ्याला नाही म्हणतो का?"

"ट्रॅक्टर ने, बैल ने, मला रात्री उठव. लायसन देणार नाही."

"एवढा कसला तोरा?"

"तोरा नाही. ते माझं आहे."

झालं! तेव्हापासून चर्चमध्ये हिच्या बाकावर हिच्या शेजारी कुणी बसेना.

पुढच्या वसंतात चर्चमागच्या बागेत टोमॅटो लावले. नॉर्बर्टने मोठ्या मनाने वाळलेल्या गवताच्या गाठी दिल्या, रोपांच्या बुडाशी पसरायला. फादर कुबेना यांनी प्रार्थनेनंतर त्याचं नाव घेऊन आभार मानले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोड्या दिवसांत टोमॅटोची पानं आक्रसून वळली, शेंडे पिळवटले. आणि बोट कुणाकडे गेलं? लायसनवालीकडे! "तिच्याकडेच ते विष असतं, तिच्याच कुरणातून उडून आलं." शेती खात्याकडे तक्रार गेली. सही नॉर्बर्टची. तक्रार खरी ठरली असती तर हिचं लायसन गेलं असतं, आणि वर्षभरात कुरण बाभळींनी गिळलं असतं.

आमच्याकडे कुणावर संकट आलं की बायका ‘कोलाचे’ भाजून नेतात, म्हणजे मधे खसखस नाहीतर जर्दाळू भरलेले गोड पाव. त्या आठवड्यात डेल्फीनच्या दारात एक ताट आलं नाही. एकसुद्धा नाही!

खात्याचा माणूस आला तेव्हा अर्धं गाव बागेत गोळा झालं होतं. त्याने वाकून पाहिलं. एका कोपऱ्यापर्यंत गवत पोचलंच नव्हतं, तिथली रोपं तरारून उभी होती. मी ओरडले, "गवत घातलेलीच तेवढी मेली! वारा काय गवत बघून शिरला?"

"गवताला बोल लावू नकोस," नॉर्बर्ट उसळला. "फवारून तण मारलेलं, एकदम स्वच्छ गवत आहे ते. माझ्या गाईंनी हिवाळाभर खाल्लं, एकीला ढेकर वाकडा आला नाही."

"गाईंना काही होत नाही," तो माणूस शांतपणे म्हणाला. "गवतालाही नाही. पण औषध वाळल्या गवतात महिनोन्महिने टिकतं, आणि टोमॅटोला ते मारतं. वर्गात सांगतात. औषध कुठलं मारलंत? आणि कुणाच्या लायसनवर?"

नॉर्बर्टचा चेहरा पांढराफटक पडला. आणि तो कुणाकडे वळला सांगू? डेल्फीनकडे! "डेल, सांग ना, तुझ्या लायसनवर घेतलं म्हणून. तुझं रेकॉर्ड चांगलं आहे, तुला समज देऊन सोडतील."

जनाची नाही, निदान मनाची तरी! सगळे तिच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं, हिने हो म्हणावं असं त्यांना वाटत होतं. फादरसुद्धा.

"नाही," डेल्फीन म्हणाली.

नॉर्बर्टला दंड झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली. त्या सगळ्या बाया कोलाचे घेऊन आल्या होत्या. बिच्चारा म्हणे! मी तणतणत डेल्फीनकडे गेले, तर तिच्या टेबलावरही एक ताट गार होत होतं.

"हे त्याला?" मी किंचाळले. "तुझं डोकं फिरलंय का?"

"चल माझ्याबरोबर," ती म्हणाली.

नॉर्बर्टच्या स्वयंपाकघरात बायका गच्च बसल्या होत्या. डेल्फीनने ताट त्याच्यासमोर ठेवलं. "हे शेजारी म्हणून," ती म्हणाली. "वर्ग मार्चमध्ये आहे. जेवून पळू नकोस." मग बायकांकडे वळून एकदाच विचारलं, "माझ्यावर तक्रार झाली तेव्हा तुमच्या सगळ्यांच्या भट्ट्या बंद होत्या का गं?"